कमोड मोजायचे, दारं मोजायची की बाथरूम? विचित्र मांडणीच्या घरांचं अप्रेझल

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत अप्रेझरची, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत ठरवून देणाऱ्याची, उमेदवारी करणाऱ्या एका वाचकाला एक दुमजली घर मिळालं. वर मास्टर बेडरूमला जोडून कमोड, बेसिन आणि शॉवर, टब नाही. मुलांच्या दोन बेडरूमना प्रत्येकी एक चिंचोळी खोली, तीत कमोड आणि बेसिन. या दोन खोल्यांच्या मधोमध एकच टब, त्याला दोन्हीकडून दार. तळमजल्यावर जिन्याखाली कमोड-बेसिन. बेसमेंटात दाराआड कमोड आणि शॉवर, पण हात धुवायला बाहेर येऊन वॉशिंग मशीनशेजारचं प्लास्टिकचं सिंक गाठायचं. लिस्टिंगमध्ये (विक्रीच्या जाहिरातीत) लिहिलंय 5 बाथ. काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, नोंदीत 2.5. सुपरवायझर म्हणतात 3.1. फॉर्मवर काय लिहू?

उत्तर आधी सांगून टाकतो: जमिनीवरच्या भागात 2.2 (दोन पूर्ण, दोन अर्ध्या) आणि बेसमेंटच्या ओळीत 0.1 (एक अर्धी). ते कसं आलं हे मात्र नीट बघा, कारण पुढच्या महिन्यात याहून तऱ्हेवाईक घर तुमच्या वाट्याला येईल आणि तिथे हे उत्तर कामाला येणार नाही.

तिघांनी तीन आकडे दिले, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या. एजंटने कमोड मोजले: वर तीन, जिन्याखाली एक, बेसमेंटात एक, झाले पाच. काउंटीच्या नोंदीत बहुधा घर बांधलं तेव्हाचा नकाशा उतरलेला आहे. मास्टरची एक, मुलांची सगळी भानगड मिळून एक, जिन्याखालची अर्धी. बेसमेंटचं काम तेव्हा झालेलं नसावं. सुपरवायझरनी दारं मोजली: मुलांच्या दोन्ही खोल्यांतून टबापर्यंत जाता येतं, म्हणजे दोन्ही पूर्ण. आपल्याला मोजायच्या आहेत त्या बंद दाराआड, एकाच वेळी, एकमेकांना न अडवता वापरता येतील अशा जागा. आणि हे करताना घरातलं प्रत्येक उपकरण हिशोबात एकदाच धरायचं. एकच टब दोन खात्यांत जमा दाखवता येत नाही.

आता फॉर्मचा नियम. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्थांना विकल्या जाणाऱ्या कर्जांच्या अप्रेझलला 1 सप्टेंबर 2011 पासून युनिफॉर्म अप्रेझल डेटासेट, म्हणजे फॉर्म कसा भरायचा हे ठरवणारा आपला यूएडी लागू झाला. त्यात बाथचा आकडा टिंबाने तोडलेला असतो. टिंबाच्या डावीकडे पूर्ण बाथ, उजवीकडे अर्ध्या बाथ. ते दशांशचिन्ह नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. 2.1 म्हणजे दोन पूर्ण आणि एक अर्धी. 2.5 लिहिलंत तर त्याचा अर्थ दोन पूर्ण आणि पाच अर्ध्या असा होतो, आणि तेवढ्या अर्ध्या बाथ एखाद्या हॉटेलातही सापडायच्या नाहीत. एका घरमालकाने मला रिपोर्ट हातात पडल्या पडल्या फोन केला होता. आवाज चढलेला. ‘लिस्टिंगमध्ये अडीच बाथ होत्या, तुम्ही दोन पॉइंट एक केल्यात. माझी चाळीस टक्के बाथरूम कुठे गेली?’ माणूस हिशोबाला पक्का होता, फक्त फॉर्मची भाषा त्याला कोणी सांगितली नव्हती. तेव्हापासून मी रिपोर्टात एक साधं वाक्य घालतो की या घरात अमुक पूर्ण आणि अमुक अर्ध्या बाथ आहेत. सप्टेंबर 2025 पासून यूएडीची 3.6 ही नवी आवृत्ती आणि नवा फॉर्म टप्प्याटप्प्याने येतो आहे. मी इथे तुमचं काम जुन्या 1004 फॉर्मवर आहे असं धरून लिहितोय. मोजण्यामागचा विचार तसाही फॉर्मबरोबर बदलत नाही.

मराठीत पाव, अर्धा आणि पाऊण असे सुटसुटीत शब्द आहेत, ते इथे चपखल बसतात. कमोड, बेसिन आणि टब (शॉवरसह किंवा शॉवरविना) ही पूर्ण बाथ. कमोड आणि बेसिन ही अर्धी. कमोड, बेसिन आणि नुसता शॉवर ही पाऊण. नुसता कमोड ही पाव. यूएडीने यातल्या दोघांचा निकाल स्पष्ट लावून ठेवलाय: पाऊण बाथ नेहमी पूर्ण धरायची आणि पाव बाथ मोजायचीच नाही. तिथे आपल्या मताला वाव नाही. त्यामुळे तुमच्या मास्टरची टब नसलेली बाथ ही पूर्ण एक. टब काढून मोठा शॉवर घातलेल्या घरांनाही हाच नियम. आकडा एकाने कमी होत नाही. आता घरात एकही टब उरला नसेल आणि त्या भागात लहान मुलांची कुटुंबं घरं घेत असतील, तर ग्राहक नाक मुरडेल. पण ती गोष्ट शेरा लिहून सांगायची असते.

पाऊण बाथमुळे सगळ्यात जास्त घोळ अमेरिकेच्या वायव्येकडे होतो. सिएटलच्या बाजूला लिस्टिंगमध्ये 1.75 बाथ असं सर्रास लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेदोन. तिथल्या किंग काउंटीच्या असेसरच्या (मालमत्ता करासाठी घरांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नोंदीतही पूर्ण, पाऊण आणि अर्धी असे तीन वेगळे आकडे असतात. तिथली 1.75 फॉर्मवर 2.0 होते. पण 2.25 दिसली की थांबायचं. ती एक पूर्ण, एक पाऊण आणि एक अर्धी असू शकते, म्हणजे फॉर्मवर 2.1. किंवा तीन पाऊण मिळून 2.25, म्हणजे फॉर्मवर 3.0. बेरीज तीच, घरं दोन. अशा वेळी लिस्टिंगचे फोटो एकेक करून बघायचे, नाहीतर एजंटला फोन लावायचा. मनातल्या मनात गणित करून आकडा टाकू नका.

आता तुमच्या प्रश्नातला खरा तिढा, मुलांची बाथ. या मांडणीला सगळे ‘जॅक अँड जिल’ म्हणतात, पण त्या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली साधी: एकच खोली, कमोड-टब-दोन बेसिनं, आणि दोन बेडरूममधून दोन दारं. ही 1.0. दारं दोन असोत की चार, आतला माणूस कडी लावून बसला की बाकी सगळे बाहेर. दुसरी: बेसिन प्रत्येक बेडरूमच्या कोपऱ्यात उघडं, आणि मधल्या बंद खोलीत कमोड आणि टब. हीसुद्धा 1.0. बेडरूममधल्या बेसिनांची वेगळी काही मोजणी नाही. तिसरी तुमची: कमोड दोन, बेसिनं दोन, टब एक.

तिथे मी काय करतो ते सांगतो. घरात गेल्यावर आधी कड्या बघतो. टबाच्या खोलीला दोन्ही बाजूंनी दार आहे का, आतून दोन्हीला कडी लागते का, आणि टबापर्यंत जायला कमोड ओलांडावा लागतो का. मग डोळ्यांसमोर सकाळचे साडेसात आणतो. शाळेची बस यायला दहा मिनिटं आहेत. थोरली टबात आहे, दोन्हीकडच्या कड्या लावून. धाकटा आपल्या खोलीतून आला. त्याला त्याचा कमोड मिळतो, बेसिन मिळतं, दार लावता येतं; आंघोळ मिळत नाही. म्हणजे त्या क्षणी थोरलीकडे पूर्ण बाथ आहे आणि धाकट्याकडे अर्धी. दोघांची जागा बदलली तरी हिशोब तोच राहतो: एक पूर्ण आणि एक अर्धी. म्हणून 1.1. दोघंही एका वेळी आंघोळ करू शकणार नाहीत, त्यामुळे 2.0 होत नाही. आणि 1.0 म्हटलं तर धाकट्याचा दाराआडचा कमोड आपण गिळून टाकला असं होईल.

आता त्याच घरात टब आणि मुलांच्या खोल्या यांच्यामध्ये दारंच नसती, नुसत्या कमानी असत्या, तर? मग टबात कोणी असताना दोन्ही कमोड उघड्यावर. साडेसातच्या हिशोबात तिथे एकच माणूस मावतो, आणि मी 1.0 लिहीन, भले कमोड दोन असोत. तीन फुटांचं एक दार आकडा बदलतं, म्हणून दार नजरेने बघून निघून येऊ नका, लावून बघा. काही अप्रेझर उघड्या कमानीलाही 1.1 देतात. मला ते पटत नाही, पण त्यांनी सगळीकडे तसंच मोजलं असेल तर मी भांडायला जात नाही.

मोठ्या घरांतली नवरा-बायकोची जोडबाथ हा याच जातीचा, पण श्रीमंत नमुना. त्याच्या बाजूला कमोड, बेसिन. तिच्या बाजूला कमोड, बेसिन आणि टब. मधोमध दोन्हीकडून शिरता येणारा काचेचा शॉवर. इथे आंघोळीची साधनं दोन आहेत, टब आणि शॉवर. टब तिच्या खात्यात गेला, शॉवर त्याच्या खात्यात जमा करता येतो. दोन्ही बाजूंना बेडरूममधून स्वतंत्र दार असेल, तर मी 2.0 लिहितो. एकच दार असेल आणि त्याच्या कमोडकडे जायला तिच्या टबाला वळसा घालावा लागत असेल, तर ती एक ऐसपैस 1.0 आहे, आत कमोड कितीही असोत. एक घर असं पाहिलं होतं की मधल्या शॉवरची काच गुळगुळीत पारदर्शक, आणि घरमालक अभिमानाने दोन बाथ सांगत होते. मी काही बोललो नाही, 1.0 लिहिलं आणि काचेचा फोटो जोडला.

संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं, ही आपल्या ओळखीची मांडणी जुन्या अमेरिकन घरांतही सापडते. बोळातल्या एका दाराआड कमोड, शेजारच्या दाराआड टब आणि बेसिन. दोन खोल्या, पण मिळून एक पूर्ण बाथ: 1.0. कमोडवाल्या खोलीतही छोटं बेसिन असेल तर लोक मोहात पडतात आणि 1.1 लिहितात. ती खोली अर्धी बाथ आहे हे खरं, पण मग उरलेल्या टब-बेसिनच्या खोलीत कमोडच नाही, तिला पूर्ण कशी म्हणणार? एकदा कमोड अर्ध्या बाथला दिला की पूर्ण बाथ बनवायला दुसरा कमोड लागतो. मी 1.0 लिहितो आणि विभागलेली मांडणी आहे असा शेरा मारतो. दोन्ही खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर असतील तर मात्र जोडता येत नाहीत. जिना चढून आंघोळीला जायचं असेल तर खाली असेल ती अर्धी किंवा पाव, आणि वरची कमोडशिवायची खोली आकड्यात येत नाही, फक्त शेऱ्यात.

मास्टर बेडरूमच्या मधोमध मांडलेला टब, भिंतीलगत उघडी बेसिनं आणि कमोड तेवढा छोट्या बंद खोलीत, अशी हॉटेलछाप बेडरूमही भेटेल. ती 1.0. तिन्ही साधनं त्या एका खोलीची आहेत. भिंत नसणं हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, आणि त्या भागातल्या ग्राहकाला तो खटकतो का हे कम्प्सवरून, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या विकल्या गेलेल्या घरांवरून, कळतं.

पिट्सबर्ग टॉयलेट ऐकलंय? त्या शहरातल्या बऱ्याच जुन्या घरांच्या बेसमेंटात उघड्यावर एक कमोड बसवलेला असतो. भिंत नाही, दार नाही, शेजारी फार तर एखादं सिंक किंवा छतातून आलेला शॉवर. कारखान्यातून मळून आलेला कामगार वर जाण्याआधी तिथे स्वच्छ व्हायचा, अशी त्यामागची कथा सांगतात. शहराला त्याचं कौतुक आहे. फॉर्मवर तो शून्य. शेजारी सिंक असलं तरी आडोसा नाही, म्हणून मी त्याला अर्धी बाथ म्हणत नाही. फोटो मात्र घेतो.

यावरून तुमच्या बेसमेंटकडे येऊ. दाराआड कमोड आणि शॉवर, बेसिन नाही. नियमांच्या फटीत नेमकी अडकलेली ही खोली आहे. पाव म्हणावी तर शॉवर आहे, पाऊण म्हणावी तर बेसिन नाही. बाहेरचं प्लास्टिकचं सिंक दोन पावलांवर आहे म्हणून ते या खोलीला बहाल करून पूर्ण बाथ बनवणारेही लोक आहेत. माझा आक्षेप असा की ते सिंक कपड्यांसाठी आहे, अर्धवट बांधलेल्या भागात आहे आणि दाराच्या बाहेर आहे. पूर्ण म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते इथे नाही. शून्य म्हणणंही अन्याय, कारण पाहुणा तिथे राहू शकतो. म्हणून दोन साधनांची खोली ती अर्धी, असं धरून 0.1, आणि शेजारी स्पष्टीकरण. हा माझा निवाडा आहे, नियम नव्हे. उलट, कपड्यांच्या खोलीतच कमोड असेल, त्या खोलीला दार असेल आणि आत चांगलं सिंक असेल, तर तीच खोली अर्धी बाथ म्हणून बिनदिक्कत मोजतो. सिंक दाराच्या आत आहे, एवढाच फरक. फरशीतून नुसते पाइप वर काढून ठेवलेले असतात, ‘बाथची तयारी’ म्हणून, त्याचं काहीच मोजायचं नाही.

बेसमेंटची बाथ वरच्या आकड्यात मिसळायची नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिची जागा बेसमेंटच्या ओळीत: 1rr0br0.1ba0o अशा सांकेतिक लिपीत एक रिक्रिएशन रूम, शून्य बेडरूम, एक अर्धी बाथ, इतर काही नाही. (या कोडाचं देवनागरीत रूपांतर करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.) लोक अडकतात ते उतारावरच्या आणि स्प्लिट-लेव्हल (अर्ध्या-अर्ध्या जिन्याने वरखाली मजले असलेल्या) घरांत. एखाद्या मजल्याचा थोडासा भाग जरी जमिनीखाली असला तरी तो अख्खा मजला जमिनीखालचा. मागच्या अंगणात सरळ चालत जाता येत असलं, मोठाल्या खिडक्या असल्या, तरीही. मग तीन पूर्ण बाथचं घर फॉर्मवर वर 2.0 आणि खाली 1.0 असं दिसतं आणि घरमालक म्हणतो, ‘तुम्ही माझी बाथरूम गाडलीत.’ त्याला समजावून सांगा की बाथ हरवलेली नाही, दुसऱ्या ओळीत गेली आहे, आणि तिची किंमत त्या ओळीत धरली आहे. मात्र खरोखर धरा. रकाना बदलला म्हणून किंमत शून्य करणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत.

माळ्यावरच्या बाथची गंमत वेगळी. फॅनी मेने 1 एप्रिल 2022 पासून क्षेत्रफळासाठी ॲन्सी झेड 765 हे घर मोजण्याचं अमेरिकी मानक सक्तीचं केलं. त्यानुसार छत सात फूट हवं. उतरतं छत असेल तर खोलीच्या किमान निम्म्या भागात सात फूट, आणि पाच फुटांखालचा भाग मोजायचाच नाही. उलट अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधार म्हणून वापरली जाणारी निवासी बांधकाम संहिता बाथरूमला सहा फूट आठ इंच छत चालवून घेते. म्हणजे परवाना घेऊन, तपासणी होऊन, कायदेशीर बांधलेली बाथ आपल्या क्षेत्रफळात बसत नाही! अशा वेळी तो भाग ग्रिडमध्ये (कम्प्सशी तुलनेच्या तक्त्यात) वेगळ्या ओळीत दाखवायचा आणि बाथही तिथेच नोंदवून शेऱ्यात चार ओळी लिहायच्या. टेप घरी विसरलात तर अंदाजाने सात फूट लिहू नका. परत जा.

बाहेरूनच दार असलेली पोहण्याच्या तलावाशेजारची बाथ, गॅरेजच्या मागची बाथ, वेगळ्या छोट्या घरातली बाथ, या मुख्य घराच्या आकड्यात येत नाहीत. घराच्या आतून, बांधून पूर्ण झालेल्या भागातून तिथे पोचता येत नसेल तर ती वेगळ्या ओळीत. परसातलं ॲक्सेसरी युनिट, म्हणजे स्वतंत्र राहता येईल असं जोडघर, असेल तर त्याची बाथ त्याच्याबरोबर. परवान्याशिवाय बांधलेली बाथ हा पुन्हा निराळा विषय आहे; तिथे आधी लेंडरला (कर्ज देणाऱ्याला) विचारा.

आकडा ठरला, आता तो कम्प्सना लावा. माझ्या मते बहुतेक चुका इथे होतात, विचित्र घरात नाही. तुम्ही स्वतःच्या घरात कड्या लावून पाहिल्यात, कोणता टब कोणाचा यावर तासभर घालवलात, आणि कम्प्सचे आकडे लिस्टिंगवरून जसेच्या तसे उतरवलेत, तर एका बाजूला तोळ्याने आणि दुसऱ्या बाजूला पोत्याने मापल्यासारखं झालं. प्रत्येक कम्पचे फोटो, असले तर नकाशे, पाहून त्यालाही तोच नियम लावा. फॅनी मेचं कोलॅटरल अंडररायटर हे अप्रेझल तपासणारं सॉफ्टवेअर 2015 पासून लेंडरच्या हातात आहे. तेच घर दुसऱ्या अप्रेझरने 3.0 लिहिलं आणि तुम्ही 2.1, तर ते लगेच बोट ठेवतं. तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार हवं. उत्तर असेल तर लेंडरकडचा अंडररायटर (कर्जाची छाननी करणारा माणूस) दोन ओळींत समाधान मानतो, हा माझा अनुभव आहे.

मग येतो समायोजनाचा प्रश्न, म्हणजे घरांतल्या फरकासाठी कम्पच्या किमतीत किती रक्कम वाढवायची किंवा घटवायची. तुमचं घर 2.2, बहुतेक कम्प्स 2.1. सवयीने हात अर्ध्या बाथच्या ठरलेल्या रकमेकडे जातो. थांबा. मुलांच्या बाथमधला तो जादा कमोड ग्राहकाच्या लेखी जिन्याखालच्या अर्ध्या बाथइतका मोलाचा आहे का? तळमजल्यावरची अर्धी बाथ पाहुण्यांना उपयोगी पडते, ती नसली तर ग्राहक कुरकुरतो. वरचा दुसरा कमोड एका मुलाची दहा मिनिटं वाचवतो. दोन्हींना फॉर्मवर .1 हाच आकडा मिळतो, किंमत सारखी असेलच असं नाही. विक्रीत फरक दिसत नसेल तर रकान्यात शून्य टाका आणि का ते लिहा. शून्य हेही पुराव्यावर उभं राहिलेलं समायोजन असू शकतं.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. समजा तुम्ही क्षेत्रफळासाठी चौरस फुटाला 80 डॉलर धरताय आणि कम्पमध्ये 50 चौरस फुटांची एक जादा बाथ आहे. त्या 50 फुटांचे 4,000 डॉलर तुम्ही क्षेत्रफळाच्या ओळीत आधीच वजा केलेत. बाथच्या ओळीत फक्त त्यावरचं जे काय असेल ते यायला हवं. आणि प्लंबरचं बिल हा बाजारभावाचा पुरावा नव्हे, हे घरमालकाला सांगताना आवाज खाली ठेवा. त्याने ते बिल नुकतंच भरलेलं असतं.

आकड्यात न मावणारी गोष्ट म्हणजे बाथ कुठे आहे. घरातली एकमेव पूर्ण बाथ स्वयंपाकघराच्या मागे असेल, जुन्या घरांत मागच्या पोर्चला भिंती घालून अशी बाथ काढलेली असते, किंवा एका बेडरूममधून गेल्याशिवाय दुसऱ्या बेडरूमच्या माणसाला बाथ गाठता येत नसेल, तरी आकडा 1.0 च. खोट दाखवायची ती उपयोगितेच्या ओळीत, आणि तीही विक्रीत दिसत असेल तर. बाथ आवडली नाही म्हणून तिला पूर्णाची अर्धी करणारे मी पाहिलेत. तसं केलं की तुमचा आकडाही चुकीचा ठरतो आणि ग्राहकाला खटकणारी खोट रिपोर्टात कुठेच दिसत नाही.

फोटो सगळ्या बाथचे लागतातच. विचित्र मांडणीत एक फोटो पुरत नाही. तुमच्या घरासाठी मी पाच-सहा घेतले असते: दोन्ही कमोडच्या खोल्या, टब, आणि टबाची दारं एकदा उघडी, एकदा बंद. स्केचमध्ये आतल्या भिंती काढा आणि प्रत्येक कमोड, बेसिन, टबाला खूण करा. शेरा मी साधारण असा लिहिला असता: ‘वरच्या मजल्यावर दोन बेडरूमना प्रत्येकी कमोड-बेसिनची स्वतंत्र खोली असून टब सामायिक आहे. टबाला दोन्ही बाजूंनी दार आहे. ही मांडणी एक पूर्ण आणि एक अर्धी अशी धरली आहे. बेसमेंटातील खोलीत कमोड आणि शॉवर आहे, बेसिन नाही. ती अर्धी धरली आहे. लिस्टिंगमध्ये 5 आणि काउंटीच्या नोंदीत 2.5 बाथ आहेत. प्रत्यक्ष पाहणीनुसार वरील आकडा दिला आहे. सर्व कम्प्स याच पद्धतीने मोजले आहेत.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा.

राहिले सुपरवायझर. त्यांच्याशी वाद घालू नका, सही त्यांची आहे. ते स्केच त्यांच्यापुढे ठेवा, हातात पेन्सिल द्या आणि विचारा, ‘सर, हा टब कोणत्या खोलीत धरू?’ ते एका खोलीभोवती गोल काढतील. मग दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवा आणि गप्प बसा.